शेवटच्या नंबरचा फ्रीझर

घरी त्याला सगळे भिंगरी म्हणत. नाव ताईने ठेवलेलं, तो चालायला लागला त्याच महिन्यात, आणि पुढे उभ्या आयुष्यात त्याने ते नाव खोटं पडू दिलं नाही. लिफ्टचं बटण एकदा दाबून त्याचं समाधान होत नसे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा. दाढी करताना तो फोनवर बोलायचा, फोनवर बोलताना जिने चढायचा, आणि जेवायला बसला की पहिला घास तोंडात असतानाच दुसरा हातात तयार. लग्न झालं नव्हतं, आणि ताईचं म्हणणं, होईल कसं, मुलगी हो म्हणायच्या आत हा उठून गेलेला असतो.

अशा माणसाच्या नशिबी काम मात्र वाट बघण्याचं आलं. एका मोठ्या वैद्यकीय संशोधन संस्थेत तो नेटवर्क सांभाळायचा. तीन इमारतींत पसरलेली शेकडो यंत्रं जिवंत आहेत की नाहीत, हे सतत बघत राहायचं. बघण्याची रीत तशी साधी. काळ्या पडद्यावर पिंग ही आज्ञा लिहायची आणि पुढे यंत्राचा पत्ता. पिंग त्या यंत्राला हाक मारते, यंत्र ओ देतं, झालं. ओ आली नाही तर किती वेळ कान लावून बसायचं, ते आज्ञेतच आकडा घालून सांगता येतं. त्या मुदतीला टाइमआउट म्हणतात. मुदत लहान ठेवली तर सावकाश बोलणारं यंत्र मेलेलं ठरतं, आणि मोठी ठेवली तर मेलेल्या यंत्रापुढे आपण ताटकळत बसतो. भिंगरीची मुदत कोणती असणार, हे सांगायला नकोच.

त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्याला तो फेरी म्हणायचा. फेरी यादीतल्या यंत्रांना एकामागून एक हाका मारत जायची, शेवटपर्यंत पोचली की बंद असलेल्या सगळ्यांची नावं एकाच निरोपात त्याच्या फोनवर पाठवायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. आधी प्रत्येक बंद यंत्राचा वेगळा निरोप यायचा. पण ते निरोप साहेबांच्याही फोनवर जात, आणि एकदा एका महत्त्वाच्या बैठकीत साहेबांचा खिसा इतका कुरकुरला की दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला: एका फेरीला एकच निरोप, आणि सगळं ठीक असेल तर तोही नको. भिंगरीला ते पटलंच. निरोप नाही म्हणजे काळजी नाही, याहून सुटसुटीत काय असणार.

यादीच्या अगदी तळाशी ताईचा फ्रीझर होता.

ताई त्याच संस्थेत शास्त्रज्ञ. आवाराच्या मागच्या टोकाला एक बैठी इमारत होती, तिथे तिचं काम चालायचं. गरोदर बायकांचं रक्त आणि नंतर बाळंतपणात मिळालेलं नाळेतलं रक्त असे नमुने तिने वर्षानुवर्षं जमवले होते. कोणत्या बाळाला पुढे दमा होतो, कोणाला होत नाही, आणि त्याची खूण जन्माच्या वेळीच सापडते का, हा तिचा ध्यास. त्यातली पहिली मुलं आता शाळेत जात होती. रक्त पुन्हा काढता येतं, नाळ काही पुन्हा मिळत नाही, असं ती नव्याने आलेल्या प्रत्येकाला बजावायची. ते सगळं धन उणे ऐंशी अंशांच्या एका उभ्या फ्रीझरमध्ये, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरून ठेवलेलं होतं. फ्रीझर म्हातारा होता, त्याच्या दाराचं रबर सैल पडलं होतं, आणि नव्यासाठी केलेला अर्ज कुठल्या तरी टेबलावर विसावला होता.

फ्रीझरला बॅटरीवर चालणारी धोक्याची घंटा होती, पण सुट्टीच्या दिवशी बंद खोलीत ती ऐकणार कोण. म्हणून ताईने धाकट्या भावाला गळ घातली. त्याने फ्रीझरच्याच वीजपट्टीवर एक लहानसं यंत्र लावून दिलं. पट्टीतला प्रवाह गेला की तेही गप्प होणार, ते गप्प झालं की फेरीला कळणार, आणि निरोप ताईच्याही फोनवर जाणार. यादीत त्याने ते सगळ्यात खाली चिकटवलं. संस्थेची यंत्रं आधी, घरचं काम शेवटी. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, आणि ताईला ते माहीतही नव्हतं.

अडचण एकच होती. बैठ्या इमारतीला तार नव्हती, गच्चीवरच्या जुन्या अँटेनातून नेटवर्क जायचं. वारा असला की तिथून येणारी ओ रेंगाळायची, आणि तोवर भिंगरीची मुदत संपून फ्रीझर बंद असल्याचा निरोप ताईकडे गेलेला असायचा. पहिल्यांदा ती भल्या पहाटे घरातल्या सपाता घालून धावत आली. दुसऱ्यांदा लेकीच्या शाळेतली पालकसभा अर्धी टाकून आली. दोन्ही वेळा फ्रीझर मजेत घुरघुरत होता. दुसऱ्यांदा ती थेट त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुझ्या प्रोग्रामला दम धरवत नाही, अगदी तुझ्यावर गेलाय.

हे त्याला झोंबलं. त्याने त्याच दिवशी मुदत वाढवून हजार केली. त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर हा आकडा सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजला जायचा, म्हणजे हजार म्हणजे पुरा एक सेकंद. नेटवर्कच्या दुनियेत एक सेकंद म्हणजे चंगळ. खोटे निरोप थांबले आणि ताईचा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं की या फेरीपायी तुझा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू का ठेवायचा, सर्व्हर कशाला घेतलाय आपण. तेव्हा त्याने फेरी उचलून सर्व्हरवर नेली. सर्व्हरची आज्ञांची बोली जरा वेगळी होती. दोन-चार ठिकाणी अक्षरं बदलावी लागली, ती त्याने बदलली. आकड्यांना हात लावला नाही. एकदा चालवून बघितली. सगळी यंत्रं जागी होती, सगळ्यांनी पटापट ओ दिली, आणि फेरी चुटकीसरशी संपली. तो खूश होऊन चहा प्यायला गेला. सगळे जागे असताना घेतलेली ती परीक्षा काही परीक्षाच नव्हती, पण हे सुचायला जरा थांबावं लागतं, आणि थांबणं त्याच्या पत्रिकेत नव्हतं.

मग जुन्या इमारतीतलं विजेचं पॅनल बदलायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी जुन्या इमारतीचा पुरवठा तोडायचा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत काम उरकायचं, असा बेत. नवी इमारत आणि मागची बैठी इमारत यांना धक्का लागणार नाही, असं वायरमनने छातीठोकपणे सांगितलं होतं. साहेबांनी भिंगरीला रविवारी नव्या इमारतीतल्या सर्व्हर रूममध्ये बसवलं आणि दम भरला, जुन्या इमारतीत दिवे येईपर्यंत तिथून हलायचं नाही. ताईला नेमकं रविवारीच लेकीच्या पोहण्याच्या स्पर्धेला जायचं होतं. तिने शुक्रवारीच येऊन त्याला सांगून ठेवलं की फ्रीझरकडे लक्ष ठेव. डोळ्यांत तेल घालून बघतो, असं तो म्हणाला, तेही तिचं वाक्य पुरं होण्याआधी.

शनिवारी रात्रभर फोन गप्प राहिला. त्याला छान झोप लागली.

रविवारी सकाळी तो सर्व्हर रूममध्ये येऊन बसला, आणि बसला म्हणजे काय, खुर्चीला पाठ टेकली एवढंच. खोली थंडगार, पंख्यांचा एकसुरी आवाज, खिडकी एक आणि तीही अर्धी कपाटाने झाकलेली. खुर्चीचं एक चाक अडकायचं. ते त्याने उलटं करून दुरुस्त केलं, मग ते अडकत नाही याचाच कंटाळा आला. त्याने तारांना लावलेल्या चिठ्ठ्या वाचल्या, मग त्यातल्या वाकड्या लागलेल्या काढून सरळ लावल्या. खिडकीतून वायरमन आणि त्याची माणसं जाड तारांचं वेटोळं खांद्यावर घेऊन जाताना दिसली. त्यांना हातात काहीतरी काम होतं, याचा त्याला हेवा वाटला. हातावर हात धरून बसण्याचा पगार मिळतो हे ऐकायला बरं वाटतं, पण ज्याला बसावं लागतं त्याला विचारावं.

दुपारी ताईचा फोन आला. मागे शिट्ट्या, पाण्याचा खळबळाट, कोणाच्या तरी नावाचा गजर. लेकीची पहिली शर्यत झाली होती, दुसरी बाकी होती. तिने विचारलं, फ्रीझर ठीक...

"ठीक आहे," तो म्हणाला.

तिने विचारलं की बघितलंस का. तो म्हणाला की काही झालं असतं तर निरोप आला असता, निरोप नाही म्हणजे सगळं झकास, तू निवांत स्पर्धा बघ. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि वर भाचीला सांगायला म्हणून दोन विनोदही केले. ताई हसली नाही. तिकडे गोंगाट आहे, ऐकू गेले नसतील, असं त्याने मनाशी ठरवलं.

त्यानंतर त्याचं चित्त कशात लागेना. भूक होती पण डबा खावासा वाटेना. त्याने डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला. फोन हातात घेतला, ठेवला. साहेबांना विचारून घेतलं की पाच मिनिटं पाय मोकळे करून येऊ का, तर साहेब म्हणाले की पाय मोकळे करायला सोमवार आहे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो येरझारा घालू लागला. समोर सर्व्हरचा पडदा होता, एक कळ दाबली असती तर फेरी कुठवर आलीय ते दिसलं असतं. पण जे आपोआप कळणार आहे ते मुद्दाम काय बघायचं. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर माणसाचा जेवढा विश्वास असतो तेवढा बहुधा स्वतःच्या आईवरही नसतो.

उन्हं कलल्यावर ताईचा पुन्हा फोन आला. या खेपेला मागे गलका नव्हता. फक्त कसला तरी बारीक बीप बीप असा आवाज ठरावीक अंतराने येत होता. शर्यतीची वेळ मोजण्याचं यंत्र असेल, असं तो धरून चालला.

"फ्रीझर कसा आहे?" तिने विचारलं.

"ठीक आहे गं."

"आत्ता बघितलंस?"

"हो, बघूनच सांगतोय."

"बरं," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

खोटं तसं किरकोळ होतं. दिवसातून अशी चार बोलली जातात आणि कोणाचं काही बिघडत नाही. पण ताईच्या त्या 'बरं'ने त्याला कसंसंच झालं. ताईचं 'बरं' एकटं येत नसे. बरं, मग जेवलास का. बरं, आईला फोन कर. बरं, तो शर्ट फेकून दे आता. आज नुसतंच 'बरं' आलं आणि मागून दार लोटल्यासारखा फोन बंद झाला. तो चार पावलं चालला आणि वळला. म्हटलं, खोटं बोललोच आहोत तर निदान मागाहून खरं करून टाकू. त्याने पडद्यासमोर वाकून कळ दाबली.

फेरी चालू होती. ती कधी सुरू झाली ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं: काल संध्याकाळी.

त्याला आधी वाटलं घड्याळ चुकलंय. मग त्याने यादीत ती कुठवर पोचलीय ते बघितलं. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका प्रिंटरला हाक मारून ती त्याच्या दारात उभी होती. प्रिंटरला वीज नव्हती, तो ओ कुठून देणार. त्या इमारतीत प्रिंटर, कॅमेरे, दारांवरची कार्डयंत्रं, टेबलांवरचे कॉम्प्युटर धरून शंभरावर यंत्रं होती आणि ती सगळीच कालपासून मेलेली होती. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शंभर यंत्रं बंद आहेत, हे साऱ्या संस्थेला ठाऊक आहे, आणि आपल्या फोनवर कालपासून एकाचंही नाव आलेलं नाही. निरोप नाही म्हणजे काळजी नाही, असं आपण कालपासून घोकतोय. निरोप यायलाच हवा होता. तो आला नाही हाच निरोप होता.

त्याने आज्ञेची ओळ बघितली. मुदत हजार. मग जे काम महिन्यापूर्वी करायला हवं होतं ते केलं, सर्व्हरवरच्या पिंगचं मदतीचं पान उघडून वाचलं. टाइमआउट, तिथे लिहिलं होतं, सेकंदांत.

हजार सेकंद. म्हणजे एकेका मेलेल्या यंत्रापाशी पाव तासाहून जास्त. मधल्या फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याला, तर 'असं इथे कोणी नाही' एवढं सांगण्याचीही बंदी होती, सुरक्षा म्हणून, आणि ती बंदी त्यानेच घातली होती. बिचारी फेरी रात्रभर, दिवसभर, एकेका बंद दाराशी मुकाट्याने उभी राहून, मुदत पुरी झाली की पुढच्या बंद दाराशी जात होती. आयुष्यभर ज्याने कोणासाठी दम धरला नाही, त्याने लिहिलेला प्रोग्राम प्रिंटरांसाठी तिष्ठत बसला होता. आणि फ्रीझर यादीच्या तळाशी. तिथे ती कालपासून पोचलीच नव्हती.

पडद्यावर दुसरी खिडकी उघडून त्याने फ्रीझरच्या यंत्राचा पत्ता लिहिला, मुदत एक सेकंद, आणि कळ दाबली. उत्तर नाही. अँटेना रेंगाळते, त्याने स्वतःला सांगितलं, वारा असेल. खिडकीबाहेरच्या झाडाचं पान हलत नव्हतं. त्याने मुदत पाच सेकंद केली. पाच सेकंद किती लांबलचक असतात हे त्याला तोवर माहीत नव्हतं. पडद्यावरचा चौकोन लुकलुकत राहिला आणि हा दोन्ही हात टेबलावर रोवून त्याच्याकडे बघत राहिला, बोल रे, नुसता ओ दे, उशिरा दे, पण दे. उत्तर नाही. त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा नाही.

ताईला फोन करावा असं मनात आलं. पण काय सांगणार? मघाशी बघून सांगितलं ते न बघता सांगितलं होतं? तो सरळ पळत सुटला. लिफ्टपाशी गेलाच नाही. जिन्यात साहेबांचा फोन वाजला, तो त्याने कापला. आवारातून धावताना त्याला वायरमन दिसला. त्याला ओरडून विचारलं की मागच्या इमारतीची लाइन चालू आहे ना. वायरमनने डोकं खाजवलं. तो म्हणाला, नकाशात तरी ती वेगळीच आहे, पण आताच मॅडम येऊन गेल्या आणि त्या म्हणतात अंधार आहे. बघतोय, जुन्याच पॅनलातून फिरवलेली दिसतेय.

कोण मॅडम, हे विचारायला तो थांबला नाही. थांबला असता तर पुढचा धक्का निम्म्याने कमी बसला असता.

बैठ्या इमारतीचं दार उघडं होतं. बोळ अंधारा. आतून तोच आवाज येत होता: बीप बीप, मग शांतता, मग पुन्हा बीप बीप. तो दारातच खिळला. शर्यतीची वेळ मोजण्याचं यंत्र.

आत ताई होती. स्पर्धेला घातलेला चांगला कुर्ता, त्यावर प्रयोगशाळेचा डगला, हातात थंडीचे जाड हातमोजे. खिडकीशी ओढलेल्या टेबलावर थर्मोकोलच्या पेट्या मांडलेल्या आणि त्यांतून सुक्या बर्फाचा पांढरा धूर सांडत होता. ती शेजारच्या विभागातून मागून आणलेल्या पेटीत नळ्यांची खोकी एकेक करून रचत होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि हातातलं खोकं जागेवर ठेवूनच बोलली.

"मागचा दरवाजा लावून घे. बाहेरची ऊब आत येते."

त्याने दरवाजा लावला. मग विचारलं की तू कधी आलीस. ती म्हणाली, तुझ्याशी पहिल्यांदा बोलले आणि निघाले. भाचीची दुसरी शर्यत तिने बघितली नव्हती. लेकीला तिच्या बाबांपाशी सोडून ती सरळ इकडे आली होती.

"पण मी तर ठीक आहे म्हणालो होतो," तो म्हणाला. बोलता बोलताच त्याला कळलं की याहून गाढवासारखं वाक्य त्या घटकेला सापडलं नसतं.

"म्हणून तर निघाले. तू खरंच काही बघत असलास ना, तर आधी 'थांब' म्हणतोस. लहानपणापासून. एरवी कधी म्हणत नाहीस. आज माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ठीक आहे म्हणालास." तिने पेटीचं झाकण दाबून बसवलं. "मग इथून फोन केला. म्हटलं, एकदा संधी देऊ. घंटा वाजत होती, मी फोन तिच्याजवळ धरला होता."

त्याला तोंड वर करवेना. कामात चुका होतात, त्या सांगता येतात, आकडा सेकंदांत होता हे साहेबांना उद्या सांगता आलं असतं आणि तेही मान हलवून गप्प बसले असते. पण 'बघूनच सांगतोय' हे कुठल्या आकड्यावर ढकलणार.

किती गेलं, असं त्याने शेवटी विचारलं. ताईने मानेनेच फ्रीझरच्या वरच्या भागाकडे दाखवलं. वरचे दोन कप्पे. दाराच्या सैल रबरातून तिथे आधी ऊब शिरली होती. खालचे सगळे अजून दगडासारखे होते, ते वाचले. वरच्या दोन कप्प्यांतल्या नळ्यांत पाणी सुटलं होतं.

"कोणाचे होते?"

"पहिल्या वर्षाचे," ती म्हणाली. "त्या बायकांना मी घरी जाऊन जाऊन तयार केलं होतं. त्यांची मुलं आता तिसरीत आहेत." मग तिने पाठ वळवून दुसरं खोकं उचललं.

त्याने मांडणीवरचे दुसरे हातमोजे चढवले आणि तिच्या शेजारी उभा राहिला. ती फ्रीझरमधून खोकं काढून द्यायची, तो पेटीत रचायचा, बर्फ घालायचा, झाकायचा. घाई करायची नाही, आडवं धरायचं नाही, एवढंच तिने सांगितलं. हातमोज्यांतूनही बोटं बधिर होत होती. मधेच एकदा घाईने त्याने दोन खोकी एकदम धरली, आणि तिने नुसतं बघितल्यावर एक परत ठेवलं. साहेबांचा फोन खिशात थरथरला आणि थरथरून थांबला. शेवटी तळाचा कप्पाही रिकामा झाला.

मग ती स्टुलावर टेकली. हातमोजे काढून तिने बोटं काखेत धरली आणि विचारलं की असं झालं कसं. त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, मुदतीचा आकडा, सर्व्हर, प्रिंटर, काही न लपवता. ती ऐकत राहिली. शास्त्रज्ञच ती, मोजमापाचं एकक चुकल्याने काय होतं हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिने एकच गोष्ट विचारली.

"तुझ्या यादीत माझा नंबर कितवा होता?"

एरवी याचं उत्तर ओठांवर तयार असतं. फेरीचं तंत्र असतं, पत्त्यांचा क्रम असतो, काहीतरी सांगता येतं आणि ताईला ते खोडताही आलं नसतं.

"शेवटचा," तो म्हणाला. "घरचं काम म्हणून तळाला टाकलं होतं."

ताईने मान हलवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, आणि राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती कितीतरी वेळ रिकाम्या फ्रीझरकडे बघत राहिली. घंटा वाजतच होती. त्याच्या जिभेवर शंभर वाक्यं आली. आता पहिला ठेवतो, नवी घंटा लावतो, अर्जाचं मी बघतो, चूक झाली. एकही त्याने बाहेर पडू दिलं नाही. तिला जे काय म्हणायचं असेल ते ती म्हणेपर्यंत तो तिथे उभा राहणार होता.

इतक्यात बाहेर वायरमनने काहीतरी जोडलं. छतावरचा दिवा फडफडून लागला, घंटा थांबली आणि फ्रीझर आतून खोकून घुरघुरायला लागला.

"झाला का चालू?" ताईने विचारलं.

दिवा समोर होता, आवाज कानाशी होता. कोणीही हो म्हणाला असता.

"थांब," तो म्हणाला. त्याने फोन काढला, सर्व्हरला जोडला, फ्रीझरच्या यंत्राचा पत्ता स्वतः लिहिला आणि हाक मारली. गच्चीवरची अँटेना अजून जागी होत होती. पहिल्या हाकेला काही आलं नाही. त्याने तसंच सांगितलं, अजून नाही. ताई उठून त्याच्या शेजारी आली आणि दोघंही त्या लहानशा पडद्यावर लुकलुकणाऱ्या चौकोनाकडे बघत उभे राहिले.